लोखंड, ॲल्युमिनियम आणि कोकणचा पाऊस

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहास म्हटला की किल्ले, कुलदैवते, मूळ गावे व वंशावळी ह्यांची माहिती यावी, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. परंतु ज्या ज्ञातीच्या हाती पिढ्यानुपिढ्या वाकस, पटाशी आणि हातोडा राहिला, तिचा बराचसा इतिहास तिने जोडलेल्या वस्तूंच्या सांध्यांत सापडावयाचा. म्हणून यंदा आम्ही एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूची हकिगत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. ती वस्तू म्हणजे रिव्हेट, आणि ते काढल्यावर मागे राहणारे भोक. कारखान्यांत काम केलेली आपली माणसे त्याला रिबीट म्हणतात. नाव काहीही असो. दोन फळ्या अथवा दोन पत्रे एकत्र धरून ठेवावयाचे, आणि तरीही त्या सांध्यातून पाण्याचा थेंब आत येऊ द्यावयाचा नाही, ही दुहेरी कामगिरी त्याच्याकडे असते. पहिली सोपी आहे. दुसरीने मात्र जगभरच्या कारागिरांना शतकानुशतके छळले आहे.

रत्नागिरीच्या माणसास ह्या छळाचे स्वरूप समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. येथे वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. त्यात वारा समुद्रावरचा. तो पावसास सरळ खाली पडू देत नाही, आडवा मारतो, आणि उरलेले आठ महिने प्रत्येक खिळ्यावर, कडीवर व बिजागरीवर मिठाचा हात फिरवीत राहतो. आपल्याकडे घर शाकारणाऱ्यास एक गोष्ट लहानपणीच कळते : पाणी ज्या ठिकाणी ठिबकते त्या ठिकाणी कौल फुटलेले नसते. ते वर कोठे तरी शिरते, वाशाच्या अंगाने घरंगळते आणि भलत्याच जागी पडते. मोटारीच्या टपाचेही अगदी हेच आहे. चालकाच्या डोक्यावर गळणारे पाणी पुष्कळदा मागच्या शिडीच्या मुळाशी शिरलेले असते.

पण मोटारीकडे वळण्यापूर्वी होडीकडे पाहिले पाहिजे, कारण विद्या तेथूनच सुरू होते.

अरबी समुद्रातील जुनी जहाजे खिळ्यांनी जोडलेली नसत, ती शिवलेली असत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात काथ्याच्या दोरीने शिवलेली जहाजे पाहिली आणि त्यांजविषयी फारसे बरे लिहिले नाही. तरीही ही पद्धत आपल्या किनाऱ्यावर दीर्घकाळ टिकली. गोवा व कारवार भागात शिवलेल्या लहान होड्या विसाव्या शतकातही होत्या. अलीकडे ह्याच रीतीने बांधलेले 'कौंडिण्य' नावाचे शिडाचे जहाज भारतीय नौदलाने २१ मे २०२५ रोजी कारवार येथे दाखल करून घेतले. शिवलेल्या सांध्याचा गुण असा की तो लवचिक असतो. लाटेचा मार बसला तर थोडा सैल होतो, पुन्हा जागेवर येतो. दोष असा की प्रत्येक टाक्यासाठी फळीस भोक पडते, आणि ते प्रत्येक भोक बुजवावे लागते. शिवणाऱ्याच्या कामापेक्षा बुजविणाऱ्याचे काम अधिक.

पुढे लोखंडी खिळा आला. विजयदुर्गाच्या आरमाराच्या काळात, वाघोटणच्या खाडीत गलबते दुरुस्त होत असताना, खिळ्याचे राज्य पक्के झालेले होते. (हा सर्व मुलूख १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे.) सुतार फळीस भोक पाडी, लोहाराने घडविलेला खिळा त्यातून आरपार नेई, आणि आतल्या बाजूस निघालेले टोक वळवून ठोकून बसवी. बारकाईने पाहिले तर हेच रिव्हेट. दोन्ही अंगांस माथा असलेला व मधली जागा गच्च भरून टाकणारा धातूचा दांडा, एवढीच त्याची व्याख्या आहे. पश्चिम किनाऱ्यावरील चांगल्या गलबतांत फळीच्या कडेस खाच पाडून दुसरी फळी तीत बसवीत, आणि सांध्यात राळ व तेल ह्यांत भिजविलेला कापूस घालीत. फळ्या पाण्याने फुगल्या की कापूस आवळला जाई. लाकडाचा हा मोठा उपकार होता : ते स्वतःच फुगून आपली फट मिटविते. पत्र्यास ही बुद्धी नाही.

सागवानाचा दुसरा उपकार आजच्या पिढीस ठाऊक नसतो. इंग्लंडातील ओक लाकडात एक आम्ल असते, ते लोखंडी खिळ्यास खाऊन टाकते. सागात तेल असते. ते खिळ्याचे रक्षण करते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या सागवानी जहाजांची ख्याती युरोपात झाली तिचे हे एक मोठे कारण होय. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्याच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे एक चांदीचा खिळा ठोकण्यात आला होता. चांदीचा खिळा शुभ खरा, पण जहाज दोनशे वर्षे टिकले ते लाकूड व लोखंड ह्यांचे एकमेकांशी पटले म्हणून.

न पटणाऱ्या धातूंची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. समुद्रातील किडा लाकूड पोखरतो म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'अलार्म' ह्या आपल्या युद्धनौकेच्या तळास तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा किडा तर लागलेला नव्हता, परंतु पत्रा जागोजाग सुटलेला होता. त्यास धरणारे लोखंडी खिळे कुजून गेले होते. मौज अशी की काही खिळे मात्र जसेच्या तसे निघाले. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद कामगारांनी काही ठिकाणी काढलाच नव्हता, आणि जेथे तो लोखंड व तांबे ह्यांच्या मधे राहिला तेथे खिळा वाचला. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांस टेकले की त्यांतील एक दुसऱ्याचा बळी घेतो, हा नियम एका आळशी हाताने नौदलास शिकविला. १८२४ साली हम्फ्री डेव्ही ह्या शास्त्रज्ञाने ह्याची मीमांसा केली, व तांब्यास वाचविण्यासाठी मुद्दाम जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून बळी देण्याची युक्ती सुचविली. वाचकांनी हा तपकिरी कागद लक्षात ठेवावा.

लोखंडी आगबोटी आल्या आणि लोहाराचे काम सुताराच्या कामापुढे गेले. तापवून लाल केलेले रिव्हेट भोकात घालावयाचे, एकाने मागून जड ठोकळा लावून धरावयाचा व दुसऱ्याने पुढून माथा घडवावयाचा. थंड होताना दांडा आखूड होतो, आणि दोन्ही पत्र्यांस एखाद्या सांडशीप्रमाणे आवळून धरतो. एवढ्यानेही बोट पाणबंद होत नसे. पत्र्याची मोकळी कड बोथट छिन्नीने ठोकून खालच्या पत्र्यावर दाबून बसवावी लागे, म्हणजे लाकडी होडीत कापूस जे करीत असे ते येथे पत्र्याच्याच कडेकडून करवून घ्यावयाचे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर ह्या बंदरांस लागणाऱ्या बोटींतून आपल्या जिल्ह्यातील किती तरी माणसे मुंबईस गेली. गिरण्यांत, गोद्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत पोट भरू लागली. ज्या बोटीने गेलो तिचे सांधे कोणत्या रीतीने बंद केले आहेत, हे तेथे हातात हातोडा घेतल्यावर त्यांस उमगले असेल.

आता एस्. टी.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ह्या मार्गावर सरकारी मोटारसेवेची पहिली गाडी निघाली. त्या प्रारंभीच्या बेडफर्ड गाड्यांचे अंग लाकडी होते, आसने काथ्याची, आणि रंग निळा व रुपेरी. लाकडी सांगाडा असल्यामुळे ती गाडी अर्धी आपल्याच धंद्यातली होती, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु लाकडी गाडी अपघातात टिकत नाही, आणि खाचखळग्यांतून गेली की तिचे सांधे खिळखिळे होतात. म्हणून पोलादी अंगाच्या गाड्या आल्या. देशावर त्या उत्तम चालल्या. किनाऱ्यावर मात्र पोलाद गंजू लागले. ह्याच कारणास्तव १९६०च्या सुमारास महामंडळाने ॲल्युमिनियमच्या अंगाच्या गाड्या आणल्या, आणि त्याच वेळी निळा-रुपेरी रंग जाऊन तांबडा आला. ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. विदर्भापासून खानदेशापर्यंत साऱ्या महाराष्ट्राने पुढे जी तांबडी गाडी 'आपली एस्. टी.' म्हणून ओळखली, तिचे अंग कशाचे असावे ह्या निवडीत किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेचा वाटा होता. कोकणास सरकारदरबारी फारसे कोणी विचारीत नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. येथे निदान कोकणच्या वाऱ्याचे तरी ऐकले गेले.

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. हवेत त्यावर आपोआप एक पातळ थर धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो, त्यामुळे तांबेरा चढत नाही. पण ते सांधावयास कठीण. त्या काळच्या साध्या आगारात त्याची जोडणी वितळवून करणे शक्य नव्हते. म्हणून पट्ट्या, पत्रे, खांब सारे रिव्हेटांनी जोडले गेले. एका गाडीच्या अंगावर अशा रिव्हेटांच्या रांगाच्या रांगा असत. आणि ह्या रांगांच्या जोडीने तीन संकटे आली.

पहिले संकट उन्हाचे. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. दहा मीटर लांबीचा टप तीस अंशांनी तापला तर ॲल्युमिनियम जवळजवळ सात मिलिमीटर लांबते, पोलाद साडेतीन. वैशाखात तापलेल्या गाडीवर मृगाची पहिली सर पडते तेव्हा टप एकाएकी आखडतो. सांध्यात भरलेली लांबी कडक असेल तर ती त्या दिवशीच तडकते, आणि दुसऱ्या सरीला गाडी गळू लागते. जवसाचे तेल व सफेता ह्यांची लांबी लाकडास उत्तम होती, पत्र्यास ती निरुपयोगी ठरली. पत्र्यास रबरासारखे ताणणारे व परत येणारे काही तरी लागते.

दुसरे संकट 'अलार्म' नौकेचे. गाडीचा खालचा सांगाडा पोलादी आणि वरचे अंग ॲल्युमिनियमचे, म्हणजे कोठे तरी दोहोंची गाठ पडणारच. त्या गाठीत खारे पाणी साचले की ॲल्युमिनियमचा बळी जातो. पांढरी भुकटी धरते, ती फुगते, आणि रिव्हेटाचा माथा आपोआप उडतो. उपाय दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचाच : मधे काही तरी घाला. कागदाऐवजी रंगाचा थर, रबराची पट्टी अथवा डांबरी फीत. पत्रा ॲल्युमिनियमचा तर रिव्हेटही ॲल्युमिनियमचेच, पोलादी नव्हे.

तिसरे संकट माणसाने स्वतः ओढवून घेतलेले. गाडीच्या टपावर सामानाचे कॅरियर, मागे शिडी, बाजूस मार्गफलकाची चौकट, आत पकडण्याचे दांडे, हे सर्व रिव्हेटांनी अंगास जडलेले. कोकणच्या गाडीच्या टपावर काय काय चढत असे हे वाचकांनी पाहिलेले आहे : आंब्याच्या पेट्या, फणस, ट्रंका, वळकट्या, शिमग्यास घरी जाणाऱ्यांचे ढोल. ओझ्याने कॅरियर हलते, भोक लांबट होते, आणि एक दिवस ते कॅरियर उतरवावेच लागते. उतरविणे म्हणजे शेकडो भोके उघडी टाकणे. येथे कारागिराची परीक्षा लागते, म्हणून ह्या कामाची रीत थोड्या विस्ताराने सांगतो.

नवशिका छिन्नी घेतो आणि माथ्याच्या बाजूने घाव घालतो. माथा उडतो, हे खरे. पण पातळ पत्र्याचे भोकही फाटते, आणि फाटलेल्या भोकास नवे रिव्हेट धरत नाही. पोलादी जाड पत्र्यास ही रीत चालते, ॲल्युमिनियमला चालत नाही. जाणता कारागीर माथ्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करतो, दांड्याच्या जाडीचेच किंवा किंचित बारीक ड्रिल घेतो, आणि केवळ माथ्याच्या जाडीइतके खोल जातो. मग माथा टोपीसारखा सुटतो. मागून लाकडाचा ठोकळा धरून उरलेला दांडा पंचाने हलके ठोकून पलीकडे काढावयाचा. घाई केली तर पत्र्यास खळगा पडतो, खळग्यात पाणी साचते, आणि जेथे कधी गळत नव्हते तेथे गळावयास लागते.

पुढे पोकळ रिव्हेट आले. एका बाजूनेच बसविता येणाऱ्या अशा रिव्हेटाचे पेटंट ब्रिटनमध्ये हॅमिल्टन वायली ह्या गृहस्थाने १९१६ साली मागितले होते. विमानबांधणीत ते रुळले व हळूहळू सर्व कारखान्यांत पसरले. त्यात एक तार असते, ती चिमट्याने ओढली की मागची नळी फुगते व तार तुटून येते. मागे माणूस उभा करावा लागत नाही ही मोठी सोय. पण भरीव रिव्हेट भोक पूर्ण भरून टाकते, हे भरीत नाही. मधे पोकळी राहते आणि तीतून पाणी झिरपते. टपावर वापरावयाचे तर मागचे तोंड बंद असलेला प्रकारच वापरला पाहिजे, आणि बसविताना माथ्याखाली लुकण लावले पाहिजे. असले रिव्हेट काढताना आधी तारेचा तुकडा पंचाने मागे पाडावा लागतो, नाही तर ड्रिल त्या कठीण तारेवरून घसरून पत्रा ओरबाडते. आणि पाडलेला तुकडा खांबाच्या पोकळीत राहू देऊ नये. ती तार बहुधा पोलादी असते. पोकळीत ओलावा असतो. 'अलार्म' नौकेचा प्रयोग पुन्हा सुरू होतो, आणि खडखड आवाज होतो तो निराळाच.

भोके उघडी झाल्यावर काय करावे? जेथे नवे काही बसवावयाचे आहे तेथे एक माप मोठे रिव्हेट घ्यावे. चार मिलिमीटरच्या जागी चार पूर्णांक आठचे चालते. जेथे काहीच बसवावयाचे नाही तेथेही रिव्हेट मारूनच भोक बंद करावे, नुसत्या लुकणाचा गोळा थापून नव्हे. तो एका पावसाळ्यात निघून येतो. भोके जवळजवळ व फाटलेली असतील तर ठिगळ द्यावे. ठिगळाची वरची कड वरच्या पत्र्याखाली जावी आणि खालची कड खालच्या पत्र्यावर यावी. कौले शाकारणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. कारखान्यात शिकून आलेल्यास मात्र पुष्कळदा सांगावे लागते. ठिगळ बसविण्यापूर्वी भोकांच्या कडांवरील कस कानशीने काढून टाकावी, कारण तिने दोन पत्र्यांत केसाएवढी फट राहते आणि केसाएवढी फट पाणी आपण होऊन वर ओढून घेते. रुंद फटीतून पाणी फक्त खाली जाते. अरुंद फटीतून ते वरही चढते. गळती शोधणाऱ्यास हे ठाऊक नसले म्हणजे तो दिवसभर चुकीच्या जागी लांबी भरीत बसतो.

आणि एक गोष्ट, जी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते : खालची बाजू कधीही बंद करू नये. कितीही काळजी घेतली तरी थोडे पाणी आत येतेच. दरवाजातून येते, प्रवाशांच्या छत्र्यांतून येते, रात्री थंडाव्याने पत्र्याच्या आतल्या अंगास दव धरते त्यातून येते. त्यास बाहेर जाण्यास खांबाच्या तळाशी भोके ठेवलेली असतात. हौशी माणूस तीही भरून टाकतो व गाडी 'एकदम पाणबंद' झाली म्हणून समाधान मानतो. मग ती आतून कुजते.

ॲल्युमिनियमच्या ह्या गाडीने अर्धशतकाहून अधिक काळ कुंभार्ली, आंबा व कशेडी हे घाट चढले-उतरले. तिच्या सुटसुटीतपणाबद्दल आणि आगारातल्या आगारात दुरुस्त होण्याच्या गुणाबद्दल तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु तिचा एक दोष लपविण्यासारखा नव्हता. समोरासमोर टक्कर झाली अथवा गाडी उलटली, तर ॲल्युमिनियमचे अंग चुरगळत असे, आणि फाटलेला पत्रा सुरीसारखा होत असे. शेवटी २०१७-१८च्या सुमारास महामंडळाने प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पुन्हा पोलादी अंगाकडे वळण्याचा निर्णय घेतला, आणि दापोडी, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व नागपूर येथील आपल्या कार्यशाळांतून जुन्या सांगाड्यांवर पोलादी अंगे चढविण्यास प्रारंभ केला. १९६०च्या सुमारास जे पोलाद समुद्राने परत पाठविले होते, ते असे पुन्हा परत आले.

ह्या निर्णयास आमचा विरोध नाही. माणसाचा जीव पत्र्यापेक्षा मोठा. पण किनाऱ्याची हवा १९६० नंतर गोडी झालेली नाही, हे कोणी तरी सांगावयास हवे. पोलादी नळ्यांचा सांगाडा वितळजोडीने होतो, रिव्हेटे कमी लागतात, म्हणजे भोके कमी. हा मोठाच फायदा. तोटा असा की गंज नळीच्या आतून सुरू होतो आणि बाहेरच्या रंगावर फुगा येईपर्यंत कोणास कळत नाही. नळीस आतून जस्ताचा थर अथवा मेणाचा फवारा दिला असेल, जोडावर नंतर पुन्हा रंग चढविला असेल, आणि तळाची भोके मोकळी ठेवली असतील, तर कोकणातही पोलादी गाडी टिकेल. ह्यांतील एक जरी राहिले तरी देशावर दहा वर्षे चालणारी गाडी येथे त्याआधीच जाईल. देशावरच्या कार्यशाळेत बांधलेली गाडी आणि रत्नागिरी, दापोली, गुहागर अथवा देवरुख आगारात नांदणारी गाडी, ह्यांत हा फरक आहे. आणि तो कागदावरील नियमांत क्वचितच दिसतो. तो त्या आगारातील मेकॅनिकच्या हातात असतो, आणि अशा हातांत आपल्या ज्ञातीचे हात थोडे नाहीत.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीस पूर आला आणि चिपळूणचे आगार पाण्याखाली गेले, ती घटना सर्वांस स्मरत असेल. आगाराचे व्यवस्थापक व काही कर्मचारी आगाराची सुमारे नऊ लाख रुपयांची रोकड घेऊन एका बुडालेल्या एस्. टी.च्या टपावर चढले आणि कित्येक तास भर पावसात तेथेच बसून राहिले. रोकडही वाचली, माणसेही वाचली. जो टप वरून येणारे पाणी अडविण्यासाठी बांधला जातो, त्याने त्या दिवशी खालून चढणाऱ्या पाण्यापासून माणसांस वर धरले. ज्यांनी कधी टपावर उभे राहून रिव्हेटे मारली आहेत त्यांस कल्पना येईल की सांगाड्याचे आडवे वासे धरून बसावे लागते. दोन वाशांच्या मधल्या नुसत्या पत्र्यावर भार टाकला तर तो दबतो व रिव्हेटांची रांग सैल होते.

पुरात बुडालेल्या गाडीचे काम तर निराळेच. पोकळ खांबांत चिखल शिरतो, सुकतो आणि ओलावा धरून बसतो. तळाची भोके आधी सळईने मोकळी करावयाची, वरून गोडे पाणी सोडावयाचे, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडीत राहावयाचे. जेथे पाणी खाली येतच नाही तेथे आतील पट्टीची रिव्हेटे वर सांगितल्या रीतीने एकेक काढून खांब उघडावा लागतो, आणि सुकल्यावर पुन्हा बंद करावा लागतो. एका गाडीस किती भोके हे त्या दिवशी मोजून कळते.